अर्क घातला की साबण तपकिरी पडतो, टोनर बिघडतो: दर वेळी हेच का होते?

तक्रार बहुतेक वेळा एकाच छापाची असते. कडुलिंबाच्या पाल्याचा गडद अर्क घालून साबण केला, साच्यातून काढला तेव्हा रंग झकास होता, आणि महिनाभरात वडी मातकट झाली. किंवा ग्रीन टीचा टोनर सुरुवातीला छान होता, मग एक दिवस बाटली उजेडात धरली तर आत कापसासारखे धागे तरंगताना दिसले. मग पुढच्या वेळी अर्क दुप्पट घातला जातो, पावडर दुसरीकडून आणली जाते, पाला ताजा घेतला जातो. निकाल तोच.

अर्काचा दर्जा ही बाब नंतरची. आधी दोन गोष्टी बघायच्या: अर्क कशात काढलाय (पाणी, तेल, ग्लिसरीन की अल्कोहोल), आणि तो ज्या मिश्रणात जाणार त्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचे माप: ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) किती आहे. घरच्या साबणातल्या आणि क्रीममधल्या बहुतेक कटकटी या दोन प्रश्नांच्या उत्तरांतच सापडतात. दोन्ही उत्तरे ठाऊक नसताना प्रमाण कमी-जास्त करत बसणे म्हणजे नुसता माल वाया घालवणे.

साबणाचा रंग

कोल्ड प्रोसेसच्या, म्हणजे न शिजवता केलेल्या, साबणात कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा, म्हणजे लायचा, पीएच १४ च्या आसपास असतो. तेलाशी त्याची प्रक्रिया पूर्ण होऊन वडी मुरली की तो ९ ते १० वर येऊन थांबतो. साबण साबण आहे तोवर याच्या फारसा खाली जात नाही. उलट बहुतेक वनस्पतींचा रस किंवा काढा ४ ते ७ पीएचचा असतो. म्हणजे आपण वनस्पतीचा रंग तिला कधीच न भेटलेल्या वातावरणात टाकतो आणि तो तसाच राहावा अशी अपेक्षा ठेवतो.

ही काही नवी माहिती नाही. रॉबर्ट बॉईलने १६६४ सालीच नोंदवून ठेवले होते की व्हायोलेट फुलांचा पाक आम्लात लाल होतो आणि अल्कलीत हिरवा. जास्वंद, गुलाब, गोकर्ण यांच्या पाकळ्यांतही त्याच गटातले रंग असतात, अँथोसायनिन. म्हणून जास्वंदीचा सुंदर लाल काढा लायमध्ये पडताच हिरवट-करडा होतो आणि पुढे तपकिरी. गुलाबाच्या पाकळ्यांनी गुलाबी साबण होत नाही. कितीही चांगल्या पाकळ्या आणा, होणार नाही. वडीवर सजावटीला दाबलेल्या पाकळ्याही काळपट पडतात, आणि लॅव्हेंडरच्या कळ्या साबणात काही दिवस राहिल्या की त्यांचे काय दिसते ते सांगायला नको. उंदराच्या लेंड्या म्हणतात लोक, आणि बरोबरच म्हणतात.

हिरव्या रंगाचे प्रकरण जरा वेगळे आहे, आणि इथेच सगळ्यांची फसगत होते. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. आम्लात तो निसटतो आणि रंग ऑलिव्ह-तपकिरी होतो. भाजी शिजवताना हेच होते. अल्कलीत मॅग्नेशियम तग धरून राहते, फक्त रेणूची तेलकट शेपटी तुटते. म्हणून हिरवा साबण सुरुवातीला चक्क छान दिसतो. पुढे त्याला मारतात उजेड आणि हवा. जोडीला पानातली तुरट द्रव्ये, म्हणजे टॅनिन आणि इतर पॉलिफिनॉल, अल्कलीत हवेतला ऑक्सिजन घेऊन तपकिरी होत जातात. कडुलिंब, तुळस, पुदिना, शेवगा, सगळ्यांची गत एकच, फक्त वेग कमी-जास्त.

तपकिरीपणा नेमका कशाने आला हे कळायला एक वडी मधोमध कापा. ऐकायला साधे वाटते, पण बहुतेक जण वडी बाहेरूनच बघून निष्कर्ष काढतात. कापलेल्या बाजूला आत हिरवे आणि कडेने दोन-तीन मिलिमीटरची तपकिरी किनार दिसली, तर दोष उजेड-हवेचा. अर्काला, लायला हात लावायची गरज नाही, वड्या अंधाऱ्या कपाटात मुरवा. मधोमध गडद गोल आणि कडेने फिका भाग असेल, तर साच्याच्या मध्यावर उष्णता साठून अर्धवट जेल फेज (तापून साबण मऊ जेलसारखा होण्याचा टप्पा) झाली आहे. आतून-बाहेरून एकसारखा तपकिरी आणि तोही पहिल्या दिवसापासून, तर रंग लायमध्येच गेला: काढ्यातली साखर आणि पॉलिफिनॉल गरम अल्कलीत भाजून निघाली. पानाच्या किंवा पाकळीच्या तुकड्याभोवती तपकिरी वलय असेल तर त्या तुकड्यातून टॅनिन झिरपते आहे. आणि वनस्पतीचा काहीच संबंध नसताना दिवसागणिक चॉकलेटी होत जाणारी वडी असेल तर सुगंध तपासा. व्हॅनिला असलेल्या सुगंधी तेलातले व्हॅनिलिन हेच करते, आणि शिव्या बिचाऱ्या अर्काला बसतात.

नवी वनस्पती वापरण्याआधी एक चाचणी करून बघा. काचेच्या दोन छोट्या वाट्यांत थोडा थोडा अर्क घ्या. एकीत धुण्याच्या सोड्याचे चमचाभर पाणी घाला (बेकिंग सोडा नाही, त्याचा पीएच जेमतेम ८ पर्यंत जातो, धुण्याचा सोडा ११ च्या घरात असतो). दुसरी तशीच ठेवा. दोन्ही रात्रभर खिडकीपाशी राहू द्या. सकाळी सोड्याच्या वाटीत जो रंग दिसेल त्याच वाटेने तुमची वडी जाणार आहे. किलोभर तेल घालवण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त.

साबणात टिकणारे वनस्पतींचे रंग मोजके आहेत आणि त्यांच्यावरच भर द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. कॅलेंड्युलाच्या पाकळ्या पिवळ्या राहतात, कारण त्यांचा रंग कॅरोटिनॉइडचा आहे आणि त्याला अल्कलीचे फारसे काही वाटत नाही. शेंदरीच्या (अनाटोच्या) बिया तेलात मुरवल्या तर पिवळा ते केशरी रंग मिळतो. मंजिष्ठेने गुलाबी ते विटकरी छटा येते आणि जेल फेज झाली तर ती आणखी खुलते. रतनजोत तेलात लालभडक दिसते पण साबणात जांभळी-निळसर होते. हे बिघडणे नव्हे, तिचा स्वभावच तो. निळीचा रंगही चांगला टिकतो. हळदीचे मात्र दोन टप्पे आहेत. लाय लागताच लाल-विटकरी होते, घाबरू नका, साबण मुरताना पीएच उतरला की केशरी-पिवळ्यावर येते. पण उजेडात ठेवलेली हळदीची वडी काही आठवड्यांत फिकी पडतेच. कुरकुमिन उजेडाला टिकत नाही, त्यावर साबणात उपाय नाही.

खरा हिरवा हवा असेल तर हिरवी माती वापरा, किंवा नीळ आणि शेंदरी एकत्र करून छटा जुळवा. कडुलिंब घालायचाच असेल तर घाला, पण तो रंगासाठी नाही हे मनाशी पक्के करा आणि वडी पहिल्यापासूनच मातकट छटेची ठरवा. अपेक्षाभंगही नाही आणि खटपटही नाही.

अर्क कोणत्या टप्प्याला घालायचा

सगळे पाणी काढून त्याजागी काढा घ्यायचा आणि त्यातच कॉस्टिक सोडा विरघळवायचा, ही पद्धत सर्रास सांगितली जाते. मला ती पटत नाही. सोडा विरघळताना द्रावण सहज ८०-९० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि अर्कातले जे काही नाजूक असते ते तिथेच संपते. काढा गर्द तपकिरी होतो, आणि कधी कधी अमोनियासारखा उग्र भपका येतो. वनस्पतीतल्या प्रथिनांवर लायची क्रिया झाली की हा वास येतो. मुरताना तो उडून जातो, तरी नाक त्यावर धरून बसू नका.

त्याऐवजी पाणी दोन भागांत वाटा. समजा १ किलो तेलाच्या घाण्याला हिशोबाने १४० ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि ३०० ग्रॅम पाणी लागते (नेमका आकडा तुमच्या तेलांवर ठरतो, तो लाय कॅल्क्युलेटरवरूनच काढा). तर १५० ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात सोडा विरघळवा, म्हणजे सोड्याच्या वजनापेक्षा पाणी कमी पडत नाही. उरलेल्या १५० ग्रॅमच्या जागी दाट, गाळलेला आणि पूर्ण गार झालेला काढा घ्या आणि तो हलका ट्रेस आल्यावर, म्हणजे ढवळताना मिश्रण दाटून वर रेघ उमटू लागली की, त्यात घाला. लायचे घट्ट द्रावण जास्त भाजते, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवेतच. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. ॲल्युमिनियमचे भांडे या कामात चालत नाही.

साखरेचे प्रमाण जास्त असलेल्या गोष्टींना, म्हणजे कोरफडीचा गर, फळांचा रस, मध यांना हाच नियम दुप्पट लागू. साखर साबणाचा फेस वाढवते हे खरे, पण मिश्रण तापवतेही. साच्यात वडी मधोमध फुगून चिरली असेल तर उष्णतेनेच. असे घटक असलेला साचा पांघरूण घालून उबदार ठेवू नका, उलट फ्रिजमध्ये ठेवा. जेल फेज साधारण ७०-८० अंशांना होते. तिथवर तापमान पोचू दिले नाही तर हिरवा आणि दुधी रंग जास्त दिवस राहतो.

सगळ्यात कमी त्रासाची वाट म्हणजे तेलात मुरवलेला अर्क. वनस्पती पूर्ण वाळलेली घ्या. ताज्या पानातले पाणी तेलात उतरते, तळाशी साठते, आणि तिथून आंबूस वास सुरू होतो. गरम पाण्याच्या भांड्यात बरणी ठेवून ५०-६० अंशांवर काही तास, किंवा थंड जागी चार ते सहा आठवडे मुरू द्या. गाळल्यावर तेल एक दिवस स्थिर ठेवा आणि तळाचा गाळ सोडून वरचेच घ्या. लायच्या हिशोबात मुरवलेले तेल मूळ तेलासारखेच धरायचे, वेगळा आकडा लागत नाही. पावडरच घालायची असेल तर अर्धा किलो तेलाला एक छोटा चमचा पुरे, तीही आधी थोड्या तेलात खलून. ट्रेसवर कोरडी पावडर भुरभुरली की गुठळ्या होतात आणि वडीवर ठिपके उठतात. चमचे वाढवत गेले की रंग वाढतो असे वाटते, प्रत्यक्षात वडी खरखरीत होते, फेस मातकट येतो आणि टॉवेलला डाग पडतात.

नारिंगी ठिपके

दोन-तीन महिन्यांनी वडीवर नारिंगी-तपकिरी ठिपके उमटले आणि जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला तर ती बुरशी नव्हे. साबणात शिल्लक राहिलेले तेल खवट होते आहे. अर्काचा इथे हात असतो, पण आडून. घरी मुरवलेले तेल आधीच महिनाभर हवा खाऊन बसलेले असते. त्यात वनस्पतीचा चुरा राहिला तर त्यातले लोह आणि तांबे खवटपणाला चालना देतात. भर म्हणून काढा नळाच्या जड पाण्यात केलेला असतो.

उपाय तीन, आणि तिन्ही एकदमच करा. पाणी डिस्टिल्ड वापरा. सूर्यफूल, सोयाबीन अशी लवकर खवटणारी तेले बेतानेच घ्या आणि सुपरफॅट (साबण न होता शिल्लक राहील असे जादा तेल) ५ टक्क्यांच्या वर नेऊ नका. आणि धातू बांधून ठेवायला सायट्रिक ॲसिड घाला: तेलाच्या १ टक्का, म्हणजे १ किलो तेलाला १० ग्रॅम. पण हे आम्ल लाय खाते. १० ग्रॅम सायट्रिक ॲसिडमागे ६.२५ ग्रॅम कॉस्टिक सोडा वाढवावा लागतो, नाहीतर सुपरफॅट नकळत वाढतो आणि ज्यासाठी हे केले तेच पुन्हा. तेल मुरवतानाच रोझमेरीचा ऑलिओरेझिन अर्क थेंबभर घातला तर तेही खवटपणा लांबवते. त्याचे काम तेवढेच, हे पुढच्या भागात पुन्हा लागणार आहे.

मिश्रण साच्यात ओतायच्या आतच घट्ट गोळा झाले तर अर्क अल्कोहोलमधला होता का ते पहिले बघा. टिंक्चरने, म्हणजे अल्कोहोलमधल्या अर्काने, ट्रेस धावतो. लवंग आणि दालचिनीच्या तेलातले युजेनॉलही तेच करते. असा अर्क कोल्ड प्रोसेसमध्ये नकोच. क्रीम किंवा टोनरसाठी ठेवा.

टोनर, जेल, क्रीम: जिथे खरा धोका आहे

साबण तपकिरी झाला तर डोळ्यांना खुपतो, एवढेच. पाण्याचे उत्पादन बिघडले तर त्वचेवर आणि डोळ्यात जाते. म्हणून इथे मी जरा कडक बोलणार आहे.

वनस्पतीचा पाण्यातला अर्क म्हणजे सूक्ष्मजीवांसाठी वाढलेले ताट: साखर, अमिनो आम्ले, खनिजे, सगळे एकाच ठिकाणी. शिवाय वाळलेल्या पाल्यावर बुरशीचे आणि जिवाणूंचे बीजाणू आधीच असतात आणि नुसत्या उकळीने ते सगळे मरत नाहीत. साध्या पाण्याच्या क्रीमपेक्षा काढ्याच्या क्रीमला जास्त भक्कम प्रिझर्वेटिव्ह लागते. 'नैसर्गिक आहे म्हणून प्रिझर्वेटिव्ह नको' हे वाक्य नेमके उलटे आहे.

व्हिटॅमिन ई, रोझमेरी अर्क, मध, टी ट्री तेलाचे दोन थेंब, यांपैकी काहीही प्रिझर्वेटिव्ह नाही. पहिली दोन तेलाला खवट होण्यापासून वाचवतात, जिवाणूंना नाही. ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्कही नैसर्गिक प्रिझर्वेटिव्ह म्हणून विकला जातो. त्यातले काही नमुने तपासले तेव्हा जंतुनाशक गुण त्यात मिसळलेल्या बेंझेथोनियम क्लोराइडसारख्या कृत्रिम रसायनाचा निघाला. म्हणजे प्रिझर्वेटिव्ह टाळायला लोक प्रिझर्वेटिव्हच विकत घेतात, फक्त प्रमाण ठाऊक नसलेले.

'प्रिझर्वेटिव्ह घातले होते, तरी बुरशी आली' ही तक्रार यापुढची, आणि तिचे कारण जवळजवळ नेहमी पीएच. घरगुती उत्पादनांत पोटॅशियम सॉर्बेट आणि सोडियम बेंझोएट ही जोडी लोकप्रिय आहे. दोन्ही काम करतात ती आम्लाच्या रूपात, आणि आम्लाचे रूप किती उरते ते पीएच ठरवतो. सॉर्बेटचा हिशोब बघा: पीएच ५ ला त्यातले साधारण ३६ टक्के कामाच्या रूपात असते, पीएच ६ ला जेमतेम ५ टक्के. बेंझोएट आणखी हळवे: ५ ला १४ टक्क्यांच्या आसपास, ६ ला दीड टक्का. बाटलीत घातले तेवढेच, पण पीएच एकाने चढला की त्याचा बहुतेक भाग बसून राहतो. अर्क घातल्यानंतर पीएच मोजलाच नसेल, तर तुमचे प्रिझर्वेटिव्ह चालू आहे की नुसते आहे हे तुम्हाला कळणारच नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. सगळे घटक, अर्कासकट, घालून झाले की गार झालेल्या मिश्रणाचा पीएच मोजा. सॉर्बेट-बेंझोएट असेल तर तो ५ च्या खाली आणा. लॅक्टिक किंवा सायट्रिक ॲसिडचे पातळ द्रावण थेंब-थेंब घालत, दर वेळी ढवळून. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, कारण अर्क असलेल्या मिश्रणाचा पीएच सरकतो. पीएचच्या कागदी पट्ट्या इथे कमी पडतात: अर्काच्याच रंगाने पट्टी रंगते आणि ५ आहे की ६ ते वाचता येत नाही. साधा डिजिटल मीटर घ्या आणि त्याचे कॅलिब्रेशन करत जा.

पीएच इतका खाली नको असेल तर फिनॉक्सिइथेनॉल आणि इथिलहेक्झिलग्लिसरीन यांचे मिश्रण सोयीचे. त्याची पीएचची मर्यादा रुंद आहे. ते एकूण वजनाच्या ०.५ ते १ टक्का वापरतात, आणि युरोपीय नियमांत फिनॉक्सिइथेनॉलची कमाल मर्यादा १ टक्काच आहे. जास्त घातले म्हणजे जास्त सुरक्षित असे नाही, त्वचा चुरचुरते. मोजमाप चमच्याने नको, ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्याने. शंभर ग्रॅम क्रीममधले १ ग्रॅम चमच्याने मोजता येत नाही.

ग्लिसरीनमधल्या अर्काबद्दल एक गैरसमज आहे. अर्ध्याहून जास्त ग्लिसरीन असलेला अर्क बाटलीत चांगला टिकतो, हे खरे. पण तो क्रीममध्ये ५ टक्के घातला की ग्लिसरीन पातळ होते आणि संरक्षण संपते. अल्कोहोलच्या अर्काचेही तसेच.

बिघाड ओळखायला बुरशी दिसायची वाट बघू नका. ती शेवटची पायरी असते. आधी जेल पातळ होते, पारदर्शक टोनर किंचित ढगाळ होतो, झाकण उघडताना हलकासा 'फस्' आवाज येतो, वास आंबट किंवा ओल्या फडक्यासारखा वाटतो, पीएच आपोआप घसरलेला असतो. आणि कधी कधी यातले काहीच होत नाही, तरी आत जिवाणू असतात. स्यूडोमोनास गटातले जिवाणू डोळ्यात गेले तर बुबुळाला गंभीर इजा करतात, त्यामुळे डोळ्यांभोवती लावायच्या गोष्टी घरी काढ्यातून करू नयेत असे मी ठामपणे म्हणेन. दुसऱ्यांना देणार किंवा विकणार असाल तर प्रयोगशाळेतून चॅलेंज टेस्ट (मुद्दाम जंतू सोडून प्रिझर्वेटिव्ह पुरते का ते बघणारी चाचणी) करून घ्या. घरच्या डोळ्यांनी आणि नाकाने ती होत नाही.

प्रिझर्वेटिव्ह अजिबात नकोच असेल तर दोन सरळ रस्ते आहेत. पाणी पूर्ण वगळा: मलम, बाम, तेल. त्यात तेलात मुरवलेला अर्क छान बसतो, फक्त ओल्या बोटांनी डबी उघडू नका. किंवा एक-दोन दिवसांपुरते करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि उरले तर टाकून द्या. ताज्या कोरफडीचा लेप याच वर्गातला. तो करताना पान कापून थोडा वेळ उभे ठेवा म्हणजे सालीजवळचा पिवळा चीक निथळून जातो. त्यातल्या ॲलोइनने अनेकांना खाज येते, आणि दोष मात्र कोरफडीच्या गराला दिला जातो.

क्रीम फाटणे, जेल पाण्यासारखे होणे

कार्बोमर या दाटपणा आणणाऱ्या पावडरीचे जेल अर्क घालताच पातळ झाले तर कारण अर्कातले क्षार. कार्बोमर क्षारांपुढे टिकत नाही. कोरफडीची पावडर आणि दाट काढे क्षारांनी भरलेले असतात. झँथन गम क्षार बरेच सहन करतो, तो वापरा. क्रीममधून पाणी किंवा तेल सुटत असेल तर अर्क कुठल्या तापमानाला घातला ते आठवा. ४० अंशांच्या खाली, शेवटच्या टप्प्यात घालायचा, आणि घातला तेवढे पाणी मूळ कृतीतून वजा करायचे. हे वजा करणे विसरले जाते, मग अर्क ५ टक्के घालताना एकूण १०५ टक्के होतात आणि इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकत्र धरणारा घटक) अपुरा पडतो. अल्कोहोलचे टिंक्चर २-३ टक्क्यांवर गेले की नवख्या कृती फाटू लागतात.

अर्काचा रंग क्रीममध्ये बदलणे हे बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. ग्रीन टी आणि आवळ्याचे अर्क हवेने गडद होतातच. पंपाची बाटली वापरली तर कमी.

त्वचा लाल झाली तर

कॅलेंड्युला आणि कॅमोमाइल सौम्य म्हणून ओळखले जातात, पण दोन्ही शेवंतीच्या कुळातले. त्या कुळाची ॲलर्जी असलेल्यांना नेमका त्यांचाच त्रास होतो. लिंबू आणि बर्गामॉटच्या सालीचे पिळून काढलेले तेल लावून उन्हात गेले तर फोडही येतात, कारण त्यातले फ्युरोकुमारिन. धुऊन जाणाऱ्या साबणात ही भीती खूप कमी, लावून ठेवायच्या क्रीममध्ये खरी. नवे काहीही कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास थांबा. लालसरपणा आला तर अर्क निम्मा करून पुन्हा लावणे हा उपाय नव्हे, तो अर्क बंद. फोड, सूज किंवा डोळ्यांत जळजळ असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि घटकांची यादी सोबत न्या.

नवी वडी चुरचुरत असेल तर मात्र अर्काकडे बोट दाखवण्याआधी लाय तपासा. डिस्टिल्ड पाण्याने ओली केलेली वडी पीएच १०.५ च्या वर दाखवत असेल, किंवा तिच्यावर पांढरे कडक स्फटिकासारखे कण आणि ओलसर कप्पे असतील, तर सोड्याचा हिशोब चुकलेला आहे. वरच्या बाजूला नुसती पांढरी पावडर असेल तर ती सोडा ॲश. वाफ दिली किंवा पुसली की जाते.

झाले त्याचे काय करायचे

तपकिरी पडलेला साबण बिनधास्त वापरा, त्याला रंगाखेरीज काहीही झालेले नाही. नारिंगी ठिपक्यांची वडी खवट वास नसेल तर ठिपका खरवडून हात धुवायला चालते. वास असेल तर भांडी-फरशीला. लाय जास्त झालेल्या वड्या किसून, कमी पडलेले तेल हिशोबाने घालून पुन्हा शिजवता येतात, आणि तो घाणा अर्कासाठी चांगला असतो, कारण बहुतेक लाय आधीच संपलेली असते आणि हिरवा रंग तुलनेने सौम्य पीएचमध्ये पडतो. घट्ट गोळा झालेले मिश्रणही असेच किसून शिजवा.

पाण्याच्या उत्पादनात मात्र वाचवण्यासारखे काही नसते. बुरशीचा वरचा थर काढून खालचे क्रीम वापरणे, पुन्हा उकळणे, वरून प्रिझर्वेटिव्हचे चार थेंब टाकणे, हे तिन्ही करू नका. जे दिसते त्याच्या कितीतरी खाली ते पसरलेले असते आणि मेलेल्या जिवाणूंची विषारी द्रव्ये उकळूनही उरतात. बाटली रिकामी करा, पंपासकट फेकून द्या, आणि पुढचा घाणा १०० ग्रॅमचाच करा, मीटर शेजारी ठेवून.